काळावरील सत्ता आणि कथनावरील सत्ता

फिनलंडमधील ‘रेमेडी’ने निर्मिलेल्या ‘क्वांटम ब्रेक’ (२०१६) या नेमबाजीच्या व्हिडिओ गेममध्ये काळ हा केवळ आशयाचा विषय नाही. तो खेळाच्या रूपाचाही प्रश्न आहे. फसलेल्या प्रयोगातून नायक जॅक जॉइसला काळ थोपवण्याची शक्ती लाभते. थिजलेल्या काळाच्या बुडबुड्यात त्याने झाडलेल्या गोळ्या साचत जातात आणि बुडबुडा फुटताच एकदम आदळतात. क्षणावरील हे प्रभुत्व खेळणाऱ्याचे असते. घटनाक्रमावरील प्रभुत्व मात्र त्याला मिळत नाही. घडून गेलेले बदलता येत नाही, या सूत्रावरच हे कथाविश्व उभे आहे.

पाच अंकांच्या दरम्यान प्रत्यक्ष नटांनी अभिनित केलेले चार चित्रित भाग येतात, तेव्हा खेळणारा केवळ प्रेक्षक उरतो. या दोन माध्यमांचा सांधा जुळत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. नियतीची शोकात्म जाणीव कथनात राहते. खेळण्याच्या कृतीत काळ हे निव्वळ शस्त्र बनते.

याला अपवाद निर्णयस्थळांचा. तेथे खेळणारा जॅक नसतो, तर प्रतिनायक पॉल सिरीन असतो. सिरीनला संभाव्य भविष्ये दिसतात आणि काळाचा अंत तो अटळ मानतो. ज्याची स्वातंत्र्यावर श्रद्धा नाही, त्याच्याच भूमिकेतून निवड करावी लागते. या विरोधाभासात कथन आणि कृती एकरूप होतात. कृतीचे खरे सामर्थ्य नेमबाजीत नव्हे, येथे शोधावे लागते.