अमेरिकन मूकपटांतील यादवी : युद्ध दिसते, कारण दिसत नाही

अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) गुलामगिरीच्या प्रश्नावरून पेटले. त्याची पन्नाशी १९११ पासून सुरू झाली आणि त्याच सुमारास तेथील मूकपटांत यादवीच्या कथांचे पीक आले. मात्र या युद्धपटांत गुलामगिरीचा प्रश्न जवळजवळ नाहीच. तो मुख्यतः 'अंकल टॉम्स केबिन' या कादंबरीवरील पटांकडे सोपविलेला दिसतो. तेथेही एडविन पोर्टर यांच्या १९०३ च्या पटात लिलावाच्या प्रसंगी गुलाम नाचताना दिसतात आणि टॉमसह मुख्य गुलामांच्या भूमिका तोंडाला काळे फासलेले गोरे नट करतात. टॉमच्या भूमिकेत सॅम ल्युकस हे कृष्णवर्णीय नट दिसायला १९१४ साल उजाडले.

डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचे वडील दक्षिणेच्या फौजेत अधिकारी होते. ग्रिफिथ यांचे 'हिज ट्रस्ट' आणि 'हिज ट्रस्ट फुलफिल्ड' हे दोन जोडपट जानेवारी १९११ मध्ये आले. युद्धावर जाणारा मालक पत्नी व लहान मुलगी जॉर्ज या गुलामाच्या हवाली करतो. मालक मारला जातो. उत्तरेचे सैनिक घर पेटवितात, तेव्हा जॉर्ज आगीतून मुलीला आणि मालकाच्या तलवारीला वाचवितो. मालकिणीला स्वतःची झोपडी देऊन तो बाहेर झोपतो. पुढे गुलामांची मुक्तता होते, तरी तो जात नाही. गाठीची पुंजी मुलीच्या शिक्षणावर संपवितो. तिचे लग्न होते आणि जॉर्ज तलवारीजवळ उरतो. त्याला बायको नाही, मूल नाही, स्वतःची अशी एकही इच्छा नाही. 'इमान' या शब्दाचा मूळ अर्थ श्रद्धा. मराठीत 'इमानी' हे विशेषण गड्याला लागते तसेच कुत्र्यालाही लागते. ग्रिफिथ यांचा जॉर्ज या दुसऱ्या अर्थाने इमानी आहे. गुलामच सुखी असेल तर युद्ध कशासाठी झाले, हा प्रश्न प्रेक्षकाला पडूच नये, अशी ही रचना आहे.

'द बर्थ ऑफ अ नेशन' (१९१५) हा याच भूमिकेचा विस्तार होय. जॉर्ज स्वतंत्र झाला की भयंकर होतो, एवढीच भर त्यात पडते. या पटाचे तंत्र थोर आणि आशय निंद्य, अशी वाटणी अध्यापनात नेहमी केली जाते. ती फसवी आहे. कोंडलेली गोरी कुटुंबे आणि घोड्यांवरून दौडत येणारे क्लॅनचे स्वार आलटून पालटून दाखविले जातात, तेव्हा स्वार वेळेवर पोहोचावेत असे प्रेक्षकाला वाटू लागते. येथे तंत्रच आशयाचे काम करते. शिवाय मजकुराच्या पाट्यांवर वुड्रो विल्सन यांच्या इतिहासग्रंथातील उतारे आहेत. हे विल्सन त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होते आणि पट त्यांच्या निवासस्थानी दाखविला गेला होता. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या एनएएसीपी या संघटनेने त्याविरुद्ध मोहीम चालविली. ओहायो व कॅन्सस राज्यांत त्यावर बंदी आली. पण १९१५ अखेर क्लॅनची पुनःस्थापनाही झाली.

बस्टर कीटन यांचा 'द जनरल' (१९२६) विनोदी आणि निरागस मानला जातो. १८६२ मध्ये उत्तरेच्या माणसांनी जॉर्जियात आगगाडीचे इंजिन पळविले, त्या प्रसंगावर तो आधारलेला आहे. हा वृत्तान्त लिहिणारे पिटेंजर स्वतः पळविणाऱ्यांपैकी होते. कीटन यांनी मात्र नायक दक्षिणेचा केला. दक्षिणेकडील लोक खलनायक म्हणून प्रेक्षकांना चालणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. गुलामगिरीचा विषय पटात येतच नाही. पट सुंदर आहे, यात वाद नाही. म्हणूनच ही अनुपस्थिती सहज पचते.

ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाच्या 'विदिन अवर गेट्स' (१९२०) मध्ये गुलामगिरी संपल्यानंतरची कहाणी येते : हिशोब मागणाऱ्या कुळावर जमीनदाराच्या खुनाचा आळ येतो आणि जमाव नवरा-बायकोला फाशी देतो. या पटाची एकमेव ज्ञात प्रत अनेक दशकांनंतर स्पेनमध्ये मिळाली. तिच्यातील पाट्या स्पॅनिश होत्या. त्यांचे इंग्रजी पुन्हा रचावे लागले.