‘हुपोमोने’ आणि मराठी ‘धीर’
नव्या करारातील ‘हुपोमोने’ हा ग्रीक शब्द ‘हुपो’ (खाली) व ‘मेनेइन’ (राहणे) यांपासून सिद्ध झाला आहे. भाराखाली टिकून राहणे हा त्याचा व्युत्पत्त्यर्थ होय. परंतु तेवढ्यावरून त्यास ‘तितिक्षा’ म्हणता येणार नाही. शांकर परंपरेतील तितिक्षा प्रतिकार वा चिंता न करता दुःख सोसते. तिला कशाची प्रतीक्षा नसते. याउलट, इब्री शास्त्राच्या सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरात आशावाचक इब्री शब्दासाठीही हुपोमोने योजलेला आढळतो (यिर्मया १४:८). रोमकरांस पत्रात (५:३-४) पौल संकटापासून आशेपर्यंतचा क्रम याच गुणाच्या द्वारे जुळवितो. इब्री लोकांस पत्रात (१२:१) तर तो शर्यतीत धावणाऱ्याचा गुण आहे.

या दोन्ही स्थळी प्रचलित मराठी बायबलने ‘धीर’ हा शब्द स्वीकारला, तो यथार्थ होय. ‘धीर धरणे’ यात प्रतीक्षा आहे, ‘धीर देणे’ यात बळ आहे. येथे ‘सहनशीलता’ योजली असती, तर ही वचने अन्याय निमूटपणे सोसण्याचा उपदेश ठरण्याचा संभव होता. तो शब्द गलतीकरांस पत्रात (५:२२) ‘माक्रोथुमिया’साठी, म्हणजे इतरांविषयीच्या संयमासाठी, राखला गेला, हेही उचितच. मात्र ‘धीर’ हा प्राधान्याने मनाचा गुण आहे. मूळ शब्दातील भाराची जाणीव त्यात पुरतेपणी उतरत नाही, एवढी मर्यादा अभ्यासकाने ध्यानी ठेवावी.