‘जाणे’ आणि ‘येणे’ : पी. सावळारामांच्या दोन गीतांतील शोक व व्यवहारभाषा

(१)

काव्याची प्रेरणा कोठून येते, या प्रश्नाचे उत्तर मराठी समीक्षा बहुधा कवीच्या चरित्रात शोधते. कवीवर अमुक आघात झाला, त्याने तमुक दृश्य पाहिले, आणि त्यातून कविता निर्माण झाली, अशी ही मांडणी असते. ती चुकीची आहे असे नव्हे. परंतु ती अपुरी आहे. आघात अनेकांवर होतात, दृश्ये सर्वांनाच दिसतात. कविता मात्र एखाद्याच्याच हातून होते. आघात आणि कविता यांच्यामध्ये भाषा उभी असते, आणि चरित्रात्मक समीक्षा नेमकी तिलाच ओलांडून पुढे जाते.

आपल्या काव्यशास्त्रात हा प्रश्न फार पूर्वी उपस्थित झाला आहे. क्रौंचवधाच्या प्रसंगी वाल्मीकीचा शोक श्लोकरूपाने प्रकटला, ही कथा आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त काव्यात्म्याच्या विवेचनासाठी वापरली. तिच्यावर भाष्य करताना अभिनवगुप्ताने एक मार्मिक भेद केला : हा शोक मुनीचा वैयक्तिक शोक नव्हे, कारण जो स्वतः दुःखाने व्याकूळ आहे तो काव्य रचण्याच्या अवस्थेतच नसतो. इंग्रजी कवी वर्ड्‌स्वर्थ यानेही १८०० सालच्या प्रसिद्ध प्रस्तावनेत, भावना शांतपणे पुन्हा आठवली जाते तेव्हाच काव्याचा उगम होतो, असे प्रतिपादन केले. आणि त्याच प्रस्तावनेत काव्याची भाषा सामान्य माणसांच्या प्रत्यक्ष बोलण्यातून घ्यावी, असाही आग्रह धरला. वर्ड्‌स्वर्थच्या या दोन विधानांचा परस्परसंबंध काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. शोकाला काव्यरूप देणारे अंतर कवीला कोण मिळवून देते? रोजची बोलीच ते मिळवून देत असेल काय?

या प्रश्नाच्या विचारासाठी ठाण्याचे जनकवी पी. सावळाराम यांची दोन भावगीते येथे घेतली आहेत : ‘गंगा जमुना’ आणि ‘कल्पवृक्ष कन्येसाठी’. दोन्ही गीतांना वसंत प्रभू यांचे संगीत असून ती लता मंगेशकर यांनी गायिली आहेत. ती इतकी परिचित आहेत की त्यांच्याकडे अभ्यासविषय म्हणून पाहण्याची सवयच विद्यापीठीय समीक्षेला राहिलेली नाही. लोकप्रियता हा गुणांचा पुरावा नव्हे हे खरे. पण तो दोषाचाही पुरावा नव्हे.

(२)

निवृत्ती रावजी पाटील हे सावळारामांचे मूळ नाव. ४ जुलै १९१४ रोजी सांगली जिल्ह्यातील येडेनिपाणी येथे त्यांचा जन्म झाला आणि २१ डिसेंबर १९९७ रोजी ते निवर्तले. त्यांचे कर्तृत्व ठाणे शहरात बहरले; तेथील नगरपालिकेचे ते नगराध्यक्षही झाले. कृष्णाकाठच्या शेतकरी जीवनातून आलेला हा कवी रेल्वेच्या वेळापत्रकाने बांधलेल्या गावात राहून लिहीत होता. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी जेथवर आली ते हे ठाणे. स्थानकालगतच्या नौपाड्यासारख्या वस्तीत मराठी मध्यमवर्ग स्थिरावला, आणि अशाच घरांतून आकाशवाणी व ध्वनिमुद्रिका यांच्या द्वारे भावगीत ऐकले गेले. ज्या ठाण्यात १९६० साली प्रा. रा. श्री. जोग यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले, त्याच ठाण्यात हा गीतकार नांदत होता. ‘अभिनव काव्यप्रकाशा’चे कर्ते आणि लोकांच्या ओठांवरील गीतांचे कर्ते हे दोघे एकाच शहराच्या वाङ्मयीन इतिहासात येतात, मराठी काव्यविचारात मात्र ते सहसा एकत्र येत नाहीत.

भावगीताच्या रूपाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गीत मावत असे. ध्रुवपद आणि मोजकी कडवी यांतच सर्व काही साधावे लागे. प्रसंगाचे सविस्तर वर्णन किंवा मनोविश्लेषण यांस तेथे अवसर नव्हता. ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेले शब्द घेऊन, त्यांच्यावर किंचित वेगळा भार टाकणे, हाच मार्ग गीतकाराला मोकळा होता. या मर्यादेमुळेच सावळारामांची गीते व्यवहारभाषेच्या अभ्यासाला विशेष उपयोगी ठरतात.

(३)

‘गंगा जमुना’ हे सासरी निघालेल्या मुलीला आईने दिलेल्या निरोपाचे गीत होय. त्याच्या जन्माविषयी प्रत्यक्ष पाहिलेल्या एका पाठवणीची हकीकत सांगितली जाते. परंतु गीताचे मर्म त्या हकीकतीवर अवलंबून नाही. ते ‘जा’ या एका आज्ञार्थी क्रियापदावर अवलंबून आहे.

मराठी घरात निरोपाच्या वेळी ‘जातो’, ‘जाते’ असे म्हणत नाहीत. बाहेर पडणारा ‘येतो’ म्हणतो. चुकून कोणी ‘जाते’ म्हणाली तर वडीलधारी बाई तिला तेथल्या तेथे ‘येते म्हण’ असे सांगते. निरोप देणाऱ्याच्या तोंडीही ‘ये हं’ किंवा ‘या’ हेच शब्द असतात. फुटलेली बांगडी ‘वाढते’, बंद केलेले दुकान ‘वाढवतात’, तशातलाच हा अशुभनिवारक संकेत आहे. ‘गेला’ हे भूतकाळी रूप मराठीत मृत्यूचे वाचक झाल्यामुळे ‘जाणे’ या धातूवर निरोपप्रसंगी ही बंदी आली असावी. शिवाय नुसते ‘जा’ हे एकेरी आज्ञार्थी रूप रागाचे किंवा घालवून देण्याचेही आहे.

आता सावळारामांनी काय केले ते पाहावे. जो शब्द त्या क्षणी आईने उच्चारूच नये असा व्यवहाराचा दंडक, तोच त्यांनी तिच्या तोंडी घातला आणि ध्रुवपदाचा कणा केला. आई ‘ये’ म्हणू शकत नाही. कारण विवाहित लेकीचे येणे आता आईच्या इच्छेवर राहिलेले नाही. सत्य उच्चारायचे तर तिला ‘जा’ असेच म्हणावे लागेल. म्हणून ती ते म्हणते, आणि त्याला जोडूनच दिल्या घरी सुखी राहण्याचा परंपरागत आशीर्वाद देते. निषिद्ध शब्द आशीर्वादाच्या पोटात शिरतो, तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. पण त्याची जुनी धार पुरती बोथट होत नाही. गीतातील करुण येथे आहे. अश्रूंची गंगा-जमुना हा रूढ वाक्प्रयोग त्याला केवळ प्रवेशद्वार पुरवितो.

ध्रुवपदाच्या आवृत्तीने हा परिणाम अधिक गहिरा होतो. आज्ञा एकदाच द्यायची असते. ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते, कारण ती पाळली जात नाही. प्रत्येक कडव्यानंतर ‘जा’ परत येतो, याचा अर्थ मुलगी अजून उंबऱ्यातच आहे, आणि आईनेही तिला अजून सोडलेले नाही. संगीतरचनेची गरज म्हणून येणारी पुनरुक्ती येथे नाट्यात्म झाली आहे. मध्यंतरीच्या कडव्यांत दारातली बैलजोडी, खोळंबलेले धाकटे दीर, डोळे पुसायला घेतलेला पदर अशा घरगुती वस्तू-व्यक्ती येतात. यांतील एकही तपशील शोकवाचक नाही. गाडी खोळंबली आहे, एवढेच आई सांगते. दुःख बोलण्याचे टाळून कामाचे बोलणे, ही आपल्या बायकांची जुनी रीत आहे, आणि शोकापासूनचे अंतर या रीतीतूनच सिद्ध होते.

(४)

‘कल्पवृक्ष कन्येसाठी’ या गीताचा प्रसंग वेगळा आहे. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे २४ एप्रिल १९४२ रोजी निधन झाले, तेव्हा त्यांची थोरली कन्या तेरा वर्षांचीही नव्हती. पुढे तिला लाभलेले वैभव पाहायला वडील नाहीत, ही या गीतामागील भावना आहे. गाणारी व्यक्तीच शोकाची धनी, आणि लिहिणारा मात्र दुसरा : अभिनवगुप्ताच्या भेदाचे इतके स्वच्छ उदाहरण आधुनिक मराठीत विरळा. शोक ज्याचा नाही त्याने तो शब्दबद्ध केला, आणि जिचा आहे तिला तो गाण्यासाठी परत दिला.

व्याकरणदृष्ट्या या गीताच्या आरंभी एक स्थित्यंतर आहे. प्रथम वडिलांविषयी तृतीय पुरुषी, एकवचनी, भूतकाळी विधान येते; तेथील क्रियापद ‘गेला’. लगेच त्यांना उद्देशून द्वितीय पुरुषी, आदरार्थी बहुवचनी, भविष्यकाळी प्रश्न येतो; तेथील क्रियापद ‘याल’. पुरुष, वचन, काळ आणि वाक्यप्रकार ही चारही अंगे एका श्वासात पालटतात. पहिले वाक्य मृत्यूची नोंद करते. दुसरे ती नोंद अमान्य करते.

येथे एक आक्षेप संभवतो. त्या काळच्या कुटुंबरीतीप्रमाणे वडिलांना ‘तुम्ही’ म्हणणे योग्यच. मग आरंभी ‘गेले’ न म्हणता ‘गेला’ का म्हटले? ही छंदाची सोय नव्हे, कारण दोन्ही रूपांच्या मात्रा सारख्याच आहेत. यमकाची सोय मात्र आहे. ध्रुवपदाचा अंत्यवर्ण ‘ला’ आहे. परंतु यमक हे कारण मानले तरी परिणामाचा विचार उरतोच. जात्यावरच्या ओवीत लेक बापाविषयी एकेरीच बोलते. तो एकेरीपणा अनादराचा नसून मायेचा असतो. सावळारामांच्या गीताची पहिली ओळ ओवीच्या घरातली आहे, दुसरी शहरी कुटुंबाच्या शिष्टाचारातली. मुलगी वडिलांविषयी लोकगीताच्या भाषेत बोलते, आणि वडिलांशी घरच्या भाषेत.

‘याल का’ हा प्रश्न तर निव्वळ व्यवहारातला आहे. नवे घर बांधले, बारसे आहे, मुलाची मुंज आहे, अशा वेळी आपण आप्तेष्टांना असेच विचारतो. सावळारामांनी आमंत्रणाचे हे रोजचे वाक्य मृताला उद्देशून वापरले. त्यात आकांत नाही, दैवाला दूषण नाही. आहे ते फक्त आर्जव. गीतात देवपण, तीर्थक्षेत्र, सूर्यचंद्र अशी भव्य उपमाने येतात. खरे सांगायचे तर तोच या गीताचा दुबळा भाग होय, कारण ती स्तुतीच्या ठरीव साच्यातील आहेत. पण या सर्व भव्यतेनंतर मुलगी मागते ते काय? वडिलांनी एकदा येऊन पाठीवरून हात फिरवावा, एवढेच. दैनंदिन वस्तू उपमानांवर मात करते आणि गीत सावरते.

अशा रीतीने दोन्ही गीते एकाच धातुयुगुलावर उभी आहेत. एकात आई ‘ये’ म्हणू शकत नाही म्हणून ‘जा’ म्हणते; दुसऱ्यात मुलगी ‘गेला’ हे मान्य करू शकत नाही म्हणून ‘याल का’ असे विचारते. कवीला प्रेरणा कोणत्या प्रसंगाने मिळाली हे गौण ठरते. ती जेथे कार्यान्वित झाली ते स्थळ म्हणजे मराठी माणसाच्या उंबऱ्यावर रोज उच्चारले जाणारे दोन धातू.

(५)

या गुणविवेचनाबरोबर मर्यादांचाही विचार अवश्य आहे. ‘गंगा जमुना’त मुलगी एकदाही बोलत नाही. ‘दिल्या घरी’ या प्रयोगातील ‘दिल्या’ हे कर्मणी रूप आहे. कोणी दिली याचा उल्लेख नाही, आणि दिलेल्या मुलीला मत असेल याचाही नाही. पाटलीणपणाच्या मानाचा दिलासा तिला दिला जातो. पिढ्यानपिढ्या लग्नमंडपात हे गीत वाजले, याचे एक कारण असेही असू शकेल की ते रीतीला प्रश्न विचारीत नाही. अश्रूंना वाट देऊन रीत सुसह्य करते.

ओवीशी तुलना करता हे विशेष जाणवते. हेमा राईरकर व गी पोयतवँ यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या आहेत. तेथे सासुरवास सोसणारी लेक स्वतः बोलते, गाऱ्हाणे मांडते. दुसरी तुलना इंदिरा संतांशी करावी. १९४६ साली पती ना. मा. संत यांचे निधन झाल्यानंतर, १९५१ च्या ‘शेला’पासून त्यांची कविता वियोगाची वाट चालू लागली. त्यांच्या अनेक कवितांत प्रिय व्यक्ती ‘तू’ या सर्वनामाने येते; त्या पिढीची गृहिणी पतीला ‘तुम्ही’ म्हणत असता कविता हा एकेरी अधिकार घेते. ज्या कवयित्रीने पुढे ‘मालनगाथे’त स्त्रियांच्या ओव्या साक्षेपाने एकत्रित केल्या, तिला सर्वनामाचे हे सामर्थ्य कोठून उमगले असेल, हे वेगळे सांगावयास नको. इंदिरा संत व्यवहाराचा संकेत मोडतात. सावळारामही ‘जा’ म्हणताना तो मोडतात, पण लगेच आशीर्वादाने सांधतात. शोकाकडून सांत्वनाकडे जाण्याची ही घाई हे त्यांच्या लोकप्रियतेचे रहस्य आहे, आणि त्यांच्या काव्याची सीमाही.

तथापि, ही सीमा दाखविताना गीताला न्याय दिला पाहिजे. सांधलेला संकेत पूर्वीसारखा राहत नाही. ज्याने हे गीत ऐकले आहे, त्याला कोणत्याही पाठवणीत ‘ये हं’ हे शब्द पूर्वीइतक्या निर्धास्तपणे ऐकू येणार नाहीत. त्यांच्या आड दडलेला ‘जा’ त्याला जाणवतो. काव्याने व्यवहारभाषेकडून घेतलेले ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग कोणता?

अभ्यासकांच्या दृष्टीने यातून एक काम निष्पन्न होते. निरोप, आमंत्रण, सांत्वन आणि दुखवटा या प्रसंगीची मराठी वाक्ये प्रदेशवार व समाजवार गोळा केली, आणि त्यांच्या शेजारी ओवी, भावगीत व भावकविता यांतील तत्सम वाक्ये मांडली, तर काव्यप्रेरणेची चर्चा अनुमानाच्या प्रांतातून निरीक्षणाच्या प्रांतात येईल. कवीच्या अंतःकरणात काय घडले हे कळण्याचा मार्ग समीक्षकापाशी नाही. त्याने ‘जा’ आणि ‘याल’ कोठे ठेवले, हे मात्र कोणालाही तपासता येते.