न दाखविलेला हिशेब : ‘अल्टिमा’चा चौथा खेळ आणि नवखा खेळाडू

पुस्तकांची, नाटकांची, क्वचित चित्रपटांचीही परीक्षणे आपल्या नियतकालिकांतून येत असतात. संगणकावरील खेळाकडे मात्र आपण परीक्षकाच्या नजरेने पाहत नाही. त्याला आपण एकच प्रश्न विचारतो, आणि तोही दारातूनच : हा खेळ मुलांसाठी चांगला की वाईट? कादंबरीला हा प्रश्न विचारण्यापूर्वी आपण निदान ती वाचतो. खेळ समजून घ्यावयाचा तर तो खेळावा लागतो, आणि जुना खेळ असेल तर त्याच्यात शिरण्याची वाटही कुणीतरी दाखवावी लागते. कराडसारख्या गावात अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून उभे आहे. संगणक येथे कुणाला परका नाही. परका आहे तो खेळाविषयी गंभीरपणे बोलण्याचा परिपाठ.

ज्या खेळाविषयी येथे लिहावयाचे आहे तो १९८५ साली अमेरिकेत ‘ओरिजिन सिस्टिम्स’ या संस्थेने ‘ॲपल टू’ या संगणकासाठी काढला. नाव ‘अल्टिमा फोर : क्वेस्ट ऑफ द अवतार’. कर्ता रिचर्ड गॅरियट. आपल्या डोळ्यांना आज त्याची चित्रे म्हणजे लहान मुलाने चौकटीच्या वहीत रंगवलेली घरे-झाडे वाटतील. आवाज जवळजवळ नाहीच. तरीही भूमिका घेऊन खेळावयाच्या अद्भुतरम्य खेळांच्या इतिहासात त्याचे स्थान वेगळे आहे. कारण या खेळात मारावयाचा असा मुख्य दुष्ट राक्षसच नाही. ब्रिटानिया नावाच्या राज्यात लॉर्ड ब्रिटिश (हे गॅरियटचे स्वतःचेच टोपणनाव) राज्य करतो, राज्यात शांतता आहे, आणि खेळाडूपुढे काम एवढेच आहे की आठ सद्गुण अंगी बाणवून त्याने प्रजेसाठी उदाहरण व्हावे.

याची पार्श्वभूमी पालकांनी जाणून घेण्यासारखी आहे. १९८३ सालच्या तिसऱ्या भागाच्या वेष्टनावर एका दैत्याचे चित्र होते, आणि अमेरिकेत त्या सुमारास अशा खेळांवर सैतानी असल्याचा आरोप सर्रास होत असे. गॅरियटकडेही खेळाडूंची व पालकांची पत्रे येत. त्यांतून त्याच्या ध्यानात आले की आपल्या खेळात लोक दुकाने लुटतात, निरपराध गावकऱ्यांना मारतात, आणि अखेर तेच ‘वीर’ ठरतात. आपण लिहिलेल्या नियमांनीच त्यांना तसे शिकवले होते. चौथा भाग हे त्याचे उत्तर होय. आरोपांना चिडून उत्तर न देता त्याने नियमच बदलले, ही गोष्ट मला कलावंताच्या दृष्टीने फार मोलाची वाटते.

खेळाची सुरुवातच लक्षणीय आहे. एक भटकी भविष्यवेत्ती पत्ते मांडून सात प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुण समोरासमोर उभे राहतात. समजा, कुणीतरी न मोजलेल्या पैशांची थैली विश्वासाने तुमच्या हाती दिली आहे, आणि वाटेत भिकारी भेटला. त्यातले एक नाणे त्याला द्यावे, की थैली जशीच्या तशी पोचवावी? प्रामाणिकपणा की करुणा? आमच्या भागातील कुस्त्यांच्या जोडांप्रमाणे आठांतून चार, चारांतून दोन आणि दोनांतून एक सद्गुण उरतो, आणि त्यावरून तुमचा पेशा ठरतो : करुणेचा शाहीर, शौर्याचा योद्धा, त्यागाचा कारागीर, नम्रतेचा मेंढपाळ, असे आठ.

नवख्यांना पहिला सल्ला येथेच. बहुतेक मार्गदर्शक सांगतात की अमुक उत्तरे द्या, म्हणजे जादूगार किंवा योद्धा व्हाल आणि पुढचा खेळ सोपा जाईल. तसे करू नये. प्रश्नांना मनापासून उत्तरे द्यावीत आणि जे वाट्यास येईल ते स्वीकारावे. मेंढपाळ वाट्यास आला तर खेळ सर्वांत कठीण होतो : अंगावर साधे कापड, हाती काठी, मंत्रशक्ती शून्य, आणि आरंभ मॅजिन्सिया या शहराजवळ. हे शहर गर्वापायी नष्ट झालेले, भुताखेतांनी भरलेले. नम्रतेच्या वाट्याला गर्वाचे अवशेष देणारी ही योजना मोठी मार्मिक आहे. दसऱ्यानंतर माण-खटावकडून मेंढरांचे कळप घेऊन घाटाखाली उतरणारे धनगर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मेंढपाळाचे जिणे म्हणजे बाळगोपाळांच्या चित्रातली शोभा नव्हे, हे वेगळे सांगावयास नको.

आता खेळाच्या मुख्य सौंदर्याकडे वळतो. तुमची करुणा किती, न्याय किती, याचे आकडे खेळ आतल्या आत ठेवतो. पडद्यावर ते कधीच दाखवत नाही. औषधी मुळ्या विकणारी आंधळी बाई किंमत सांगते, आणि किती पैसे द्यावयाचे ते तुम्हीच टंकावयाचे असते. कमी दिलेत तरी ती काही बोलत नाही, माल मिळतो. मात्र प्रामाणिकपणाचा आकडा घसरलेला असतो. वैद्याकडे गेलात तर तो रक्तदान कराल का असे विचारतो. त्यात तुमची प्रकृती बरीच खालावते, पण त्याग वाढतो. दुष्ट शत्रूपुढून पळालात तर शौर्य घटते. उलट उंदीर-वटवाघळासारखा मुका प्राणी पळू लागला तर त्याला जाऊ द्यावे, पाठलाग करू नये. गावातल्या पेट्या उघडून सोने घेणे ही चोरीच. कुणी स्तुतीचा प्रश्न विचारला आणि आपण छाती फुगवून ‘हो’ म्हटले की नम्रता गेली.

आपल्याकडे सद्गुणांचा खेळ नवा नाही. मोक्षपट ज्ञानदेवांनी रचला असे परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडात पोचून ‘सापशिडी’ झाला आणि तेथून पुण्यपापाची नावे गळून पुन्हा आपल्या घरी आला. मोक्षपटात दयेची शिडी आहे, अहंकाराचा सर्प आहे. पण शिडीवर चढणे कवड्यांच्या हाती. गॅरियटच्या खेळात शिडी दिसत नाही, पण चढावयाचे की नाही हे खेळाडूने ठरवावयाचे आहे. दैवाचा धडा द्यावयाचा तर मोक्षपट श्रेष्ठ. निवडीचा द्यावयाचा तर हा.

म्हणूनच नवख्याने कोणती मदत घ्यावी आणि कोणती टाळावी, हा प्रश्न या खेळाच्या बाबतीत निव्वळ सोयीचा राहत नाही. अमुक केल्याने करुणा दोनने वाढते, तमुक केल्याने मान पाचने उतरतो, अशी कोष्टके आज सहज मिळतात. परीक्षेच्या गाइडप्रमाणे ती समोर ठेवून खेळणारा मुलगा भिकाऱ्याला नाणे देईल, पण त्याचे लक्ष भिकाऱ्याकडे नसून कोष्टकाकडे असेल. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, ही शिकवण आपण घरोघर देतो. खेळकर्त्याने आकडे लपवून नेमकी तीच सोय केली आहे. कोष्टक उघडणे म्हणजे खेळाचा प्राण काढून सांगाडा हाती घेणे. हिशेब जाणून घ्यावयाचाच असेल तर लॉर्ड ब्रिटिशच्या किल्ल्यात हॉकविंड नावाचा द्रष्टा आहे. एकेका सद्गुणाविषयी त्याला विचारावे. तो आकडा सांगत नाही. तुम्ही कुठवर आला आहात एवढेच सूचित करतो. आध्यात्मिक मार्गदर्शकाकडून याहून अधिकाची अपेक्षा कुणी करीत नाही.

यंत्रणेविषयीची मदत मात्र निःसंकोच घ्यावी. तेथे अडखळण्यात काही पुण्य नाही. खेळ साठवून ठेवणे केवळ मोकळ्या प्रदेशातच शक्य आहे. गावात किंवा गुहेत नाही. अनुभव कितीही मिळाला तरी लॉर्ड ब्रिटिशची भेट घेतल्याखेरीज पातळी वाढत नाही. माणसांशी बोलताना शब्द इंग्रजीत टंकावे लागतात, पण खेळ पहिली चारच अक्षरे वाचतो. नाव आणि धंदा विचारून आरंभ करावा, आणि उत्तरात जो शब्द वेगळा वाटेल तोच पुढे विचारावा. सोबती वाढले की शिधाही त्या मानाने लागतो. आकाशात दोन चंद्र आहेत : एकाच्या कलेवरून कोणते चंद्रद्वार उघडेल ते कळते, दुसऱ्याच्या कलेवरून ते कोठे नेईल ते. तिथी पाहून गावाला निघणाऱ्या आजीला हे आपल्यापेक्षा लवकर उमगेल. मूळ संचात कापडी नकाशा, धातूचा एक ‘आंख’ आणि दोन पुस्तिका होत्या. त्या पुस्तिका आधी वाचल्याशिवाय खेळ सुरू करू नये; आज त्या संगणकावर वाचता येतात. ‘गॉग’ या विक्रेत्याने २०११ पासून खेळ विनामूल्य दिला, तेव्हा किमतीची अडचणही उरली नाही. आणि एक चौकटीची वही हवीच.

दोषही सांगितले पाहिजेत. लढाया फार आहेत आणि त्या लवकरच कंटाळवाण्या होतात. सद्गुणांची एवढी सूक्ष्म मांडणी केल्यावर शेवट पुन्हा आठ मजल्यांच्या अंधाऱ्या विवरात, तलवारी परजीत करावा, हे जुन्या सवयीचे ओझे आहे. त्याहून महत्त्वाचा आक्षेप शीर्षकावर. अवतार या शब्दाचा अर्थच वरून खाली उतरणे. येथे मात्र माणूस स्वप्रयत्नाने खालून वर चढतो, आणि त्या चढण्यालाच अवतार म्हटले आहे. आपल्या मराठीत शब्द इतका रुळलेला असताना हा उलटा वापर कानाला खटकतो. ख्रिस्ती वाचकाला तर अधिकच, कारण देहधारणेचा विचार त्याच्या श्रद्धेच्या मुळाशी आहे, आणि तेथे चढण माणसाची नाही. शिवाय या राज्यात क्षमेला जागा नाही. पूर्ण झालेला सद्गुण एका दुष्कृत्याने हातचा गेला तर तो पुन्हा कष्टाने कमवावा लागतो. माफ करणारे कुणी नाही. आठ गुणांची यादी सत्य, प्रेम आणि धैर्य या तीन तत्त्वांच्या मिश्रणातून मोठ्या चतुराईने काढली आहे, पण आशा तिच्यात कोठेच बसत नाही.

अध्यात्माच्या तीर्थस्थानी ध्यानासाठी जो मंत्र लागतो तो ‘ओम’ आहे, याने काही पालक बिचकतील. बिचकण्याचे कारण मला दिसत नाही. इजिप्तचा आंख, हिंदूंचा मंत्र, युरोपातील मध्ययुगीन वीर असे नाना ठिकाणचे नवलाचे जिन्नस गॅरियटने एकत्र मांडले आहेत. या बाजारात धर्म शोधू नये. मुलाने विचारले तर सरळ सांगावे, आणि शक्य असल्यास त्याच्या शेजारी बसून तासभर खेळ पाहावा. आंधळ्या बाईच्या दुकानात तो किती पैसे टंकतो, ते पाहताना मात्र काही बोलू नये.

शेवटच्या विवरात विचारला जाणारा अखेरचा प्रश्न येथे देत नाही. त्याचे उत्तर एका शब्दाचे आहे, आणि चुकले तर इतका खोल उतरलेला खेळाडू पुन्हा बाहेर फेकला जातो. त्या शब्दाची अक्षरे वाटेतच मिळालेली असतात : एकेका तीर्थस्थानी सद्गुण पूर्ण झाला की ध्यानात एक जुन्या लिपीतले अक्षर दिसते. आठ ठिकाणी आठ अक्षरे. दिसताच ती वहीत उतरवून ठेवावीत, कारण खेळ ती दुसऱ्यांदा दाखवील याचा भरवसा धरता येत नाही.