दोन-वॉटमीटर पद्धतीचे प्रयोगशाळेतील अध्यापन : एक चिकित्सा

प्रस्तावना

विद्युत यंत्रांच्या प्रयोगशाळेत थ्री-फेज शक्तीचे मापन हा एक रूढ प्रयोग आहे. इंडक्शन मोटरला तीन तारांनी पुरवठा दिला जातो. त्यांपैकी दोन तारांमध्ये एकेक वॉटमीटर जोडला जातो. दोन्ही वाचनांची बेरीज म्हणजे एकूण शक्ती, आणि त्याच वाचनांवरून एका सूत्राने पॉवर फॅक्टर, अशी प्रयोगाची मांडणी असते. प्रयोगवहीच्या अखेरीस फेजर आकृती काढून हा प्रयोग पूर्ण झाला असे मानले जाते.

प्रयोगाच्या शास्त्रीय आधाराविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो अध्यापनातील मांडणीचा. प्रचलित मांडणीत फेजर आकृती ही विचाराचे साधन न राहता सजावट होते आणि त्यामुळे प्रयोगातील सर्वांत बोधप्रद क्षण निसटून जातो, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एकाच परिषदेतील दोन विचार

इ. स. १८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत या प्रयोगाशी निगडित असे दोन विचार मांडले गेले. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी प्रत्यावर्ती प्रवाहाचे गणित संमिश्र संख्यांच्या साहाय्याने कसे सोपे होते ते दाखवले. आजच्या फेजर विश्लेषणाचा पाया तोच. आंद्रे ब्लाँडेल यांनी बहुफेज शक्तीच्या मापनाचा नियम मांडला : जितक्या तारा असतील त्यांहून एक कमी इतके वॉटमीटर पुरेसे असतात, मात्र सर्वांच्या दाब-कुंडल्यांचे दुसरे टोक उरलेल्या तारेला जोडलेले हवे.

या दोन विचारांची जात वेगळी आहे. ब्लाँडेल यांचा नियम तारांमधील प्रवाहांची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य असते एवढ्याच गोष्टीवर उभा आहे. भार संतुलित नसला, तरंगरूप ज्यावक्रीय नसले, तरीही तो खरा ठरतो. फेजर मात्र एकाच वारंवारतेच्या ज्यावक्रीय राशींसाठीच अर्थपूर्ण असतो. दोन वाचनांतील फरकाला बेरजेने भागून ३च्या वर्गमूळाने गुणले की पॉवर फॅक्टरच्या कोनाचा टॅन्जंट मिळतो, हे सूत्र दुसऱ्या विचाराचे अपत्य आहे. शिवाय त्याला भारही संतुलित लागतो आणि दाबही.

प्रयोगपुस्तिकांत बेरीज आणि सूत्र ही दोन्ही ‘दोन-वॉटमीटर पद्धत’ या एकाच मथळ्याखाली येतात. साहजिकच बेरजेची विश्वासार्हता विद्यार्थी नकळत सूत्रालाही बहाल करतो. प्रत्येक वॉटमीटर आपापल्या फेजची शक्ती दाखवतो, असा गैरसमजही येथूनच रुजतो. वस्तुतः तारांमधील दाब आणि तारेतील प्रवाह यांच्यापासून मिळणाऱ्या एकट्या वाचनाला कोणत्याही एका फेजच्या शक्तीचा अर्थ नसतो. अर्थ असतो तो बेरजेला.

उलटा फिरणारा काटा

या मांडणीची खरी कसोटी मोटर भाराविना चालते तेव्हा लागते. संतुलित भारावर एक वाचन ३० अंशांतून कोन वजा करून येणाऱ्या कोसाइनच्या प्रमाणात असते, तर दुसरे ३० अंशांत कोन मिळवून येणाऱ्या कोसाइनच्या प्रमाणात. कोन ६० अंशांपलीकडे गेला, म्हणजे पॉवर फॅक्टर ०.५ हून कमी झाला, की दुसरे वाचन ऋण होते व काटा शून्याच्या मागे जाऊ पाहतो. अशा वेळी पुरवठा बंद करून त्या वॉटमीटरच्या प्रवाह-कुंडलीची टोके उलटवतात आणि वाचन घेतात. ते वहीत ऋण चिन्हासह लिहायचे असते. व्यवहारात पुष्कळदा टोके उलटतात, चिन्ह मात्र लिहायचे राहते.

त्याचे परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होतील. दाब ४१५ व्होल्ट, प्रवाह २ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.२ असा विनाभार मोटरचा नमुना घेऊ. वाचने सुमारे ५५० वॉट आणि उणे २६३ वॉट येतील. बेरीज २८७ वॉट. चिन्ह गाळले तर बेरीज होते ८१३ वॉट, म्हणजे खऱ्या शक्तीच्या जवळजवळ तिप्पट. याहून उद्बोधक गोष्ट पुढे आहे. चुकीच्या वाचनांवरून टॅन्जंटच्या सूत्राने पॉवर फॅक्टर काढला तर तो येतो ०.८५. याच चुकीच्या शक्तीला दाब, प्रवाह आणि ३चे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागले तर तो येतो ०.५७. एकाच पानावरील एकाच वाचनांतून दोन उत्तरे निघतात आणि दोन्ही खोटी असतात.

चिन्ह गाळल्यावर मिळणारा टॅन्जंट हा ३ भागिले खरा टॅन्जंट इतका असतो, हे बीजगणिताने सहज सिद्ध होते. त्याचा अर्थ असा की, खरा पॉवर फॅक्टर जितका वाईट, तितके चुकीचे उत्तर अधिक चांगले दिसते. खरा ०.१ असेल तेथे वहीत सुमारे ०.९६ येईल. ही चूक विद्यार्थ्याला खटकत नाही, उलट सुखावते. ०.५ खाली दुसरे वाचन ऋण होते, हे तोंडी परीक्षेत बिनचूक सांगणारा विद्यार्थीदेखील स्वतःच्या वहीतील ०.८५ निमूटपणे स्वीकारू शकतो. माहिती आणि आकलन यांतील अंतर याहून स्पष्ट क्वचितच दिसेल.

आक्षेप आणि त्यांचा विचार

अंकीय मापक चिन्हासह शक्ती व पॉवर फॅक्टर थेट दाखवतात, तेव्हा जुन्या काटेरी वॉटमीटरची चर्चा आता कशाला, असा आक्षेप येथे घेता येईल. त्यात तथ्य आहे. परंतु मापकाला चिन्ह दाखवता येते म्हणून जोडणी योग्य आहे की नाही हे त्याला कळतेच असे नाही. उच्चदाबाच्या तीन-तारी जोडणीत दोन घटकांच्या मीटरपैकी एका घटकाचा करंट ट्रान्सफॉर्मर उलटा जोडला गेला, तर मीटर बेरजेऐवजी वजाबाकी नोंदवतो. संतुलित भारावर ही वजाबाकी कोनाच्या साइनच्या प्रमाणात असते. म्हणजे पॉवर फॅक्टर १ असलेल्या कारखान्यात तो मीटर जवळजवळ स्थिर राहील. येथे प्रश्न गुणांचा उरत नाही, तो देयकाचा होतो. अशी चूक शोधण्याचे साधन फेजर आकृती हेच आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. तुकड्या मोठ्या, उपकरणे थोडी आणि तासिका अपुरी, ही अध्यापकांची अडचण खरी आहे. तथापि पुढील सूचनांसाठी नवे उपकरण लागत नाही. पहिली, फेजर आकृती प्रयोगापूर्वी काढून घ्यावी आणि अपेक्षित वाचनांचे चिन्ह तिच्यावरून आधीच लिहवून घ्यावे. दुसरी, पॉवर फॅक्टर दोन्ही मार्गांनी काढून उत्तरे ताडून पाहावीत. ती जुळली नाहीत तर चिन्ह, असंतुलन किंवा तरंगरूप यांपैकी दोष कोठे आहे ते शोधावयास सांगावे. तिसरी, फेजक्रम नोंदवावा. तो उलटला की दोन वाचनांची अदलाबदल होते आणि प्रवाह मागे आहे की पुढे, हे फेजक्रमावाचून ठरवता येत नाही. चौथी, सूत्राशेजारी त्याच्या अटी लिहाव्यात. तटस्थ तारेतून प्रवाह वाहत असेल तर बेरजेचीही हमी राहत नाही. तेथे तीन वॉटमीटर लागतात.

समारोप

प्रयोगाचे मूल्यमापन बहुधा अंतिम उत्तरावर होते आणि अंतिम उत्तर नीटनेटके दिसले की तपासणी थांबते. दोन-वॉटमीटर पद्धतीत मात्र नीटनेटके उत्तर हेच कधी कधी चुकीचे लक्षण असते. मागे जाणारा काटा हा प्रयोगातील अडथळा नसून आपण मोजत असलेली राशी नेमकी काय आहे हे सांगणारा संकेत आहे. तो संकेत वाचण्यासाठी फेजर आकृतीला वहीच्या शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर आणणे अगत्याचे आहे. एवढा क्रमबदल झाला तरी विद्यार्थी वाचने उतरवून न थांबता ती तपासू लागेल.