सातबारा, पहाणी आणि पाकळीचा ल

औरादच्या बसस्थानकासमोर उभे राहून मान एकदा डावीकडून उजवीकडे फिरवली की चार लिप्या बघून होतात. वर मोठी कन्नड, तिच्याखाली इंग्रजी, एखाद्या किराणा दुकानाच्या कोपऱ्यात मराठी आणि चार दुकाने सोडून उर्दू. औराद म्हटले की लातूरकडच्या माणसाला निलंगा तालुक्यातले औराद शहाजानी आठवते. मी म्हणतो ते बिदर जिल्ह्यातले, कागदावर कंसात ‘बा.’ लावून येणारे औराद. मी तिथला. पोट भरतो पुण्यात, फोनवरच्या पडद्यांची रचना करून. मराठी अक्षराच्या कलेचे सध्या कसे चालले आहे, असे कुणी विचारले की मला पुण्यातली प्रदर्शने आठवत नाहीत, या पाट्या आठवतात. आणि मग उत्तर फारसे उत्साहाचे निघत नाही.

फ्लेक्स येण्याआधी आमच्याकडच्या पाट्या पेंटर रंगवायचे. शाळा सुटल्यावर एका पेंटरमामांच्या शिडीखाली मी तासभर उभा राहायचो. ‘घरी जायचं नाही का रे, आई वाट बघायलीय,’ असे ते वरूनच म्हणत आणि हात चालूच ठेवत. एकाच ब्रशने आधी कन्नड ओळ काढत, मग मराठी. कन्नड अक्षराच्या डोक्यावर तलकट्टू असते, वळणदार छोटी टोपी. आपल्याकडे सलग शिरोरेघ. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली उतरतो, म्हणून ओळीखाली जागा लागते. मराठीच्या मात्रा, रफार, अनुस्वार वर चढतात, म्हणून ओळीच्या वर जागा लागते. कन्नड वर आणि मराठी खाली ठेवली की दोघींचा पसारा मधल्या एकाच पट्ट्यात येऊन आदळतो. मामा खडूने रेघा आखतानाच तो पट्टा रुंद सोडत. आज संगणकावर बॅनर करणारा पोरगा दोन्ही ओळी ताणून चौकटीत बसवतो आणि कन्नडची खालची अक्षरे मराठीच्या वेलांटीत अडकतात. त्या पोराचा दोष मी फार मानत नाही. दोन लिप्या एकाखाली एक कशा बसवायच्या, हे त्याला सांगणारे मराठीत कुणी काही लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही.

अक्षर ही कला म्हणून आमच्या भागाला नवी नाही. बिदरला महमूद गावानने १४७२ मध्ये बांधलेल्या मदरशाच्या उरलेल्या भिंतीवर रंगीत फरश्यांत लिहिलेली अक्षरे अजून शाबूत आहेत. आमच्या घरच्या ट्रंकेत आजोबांचे कागद आहेत. काही मोडीत, काही निजामाच्या अमलातले उर्दूत, त्यानंतरचे बाळबोध मराठीत आणि अलीकडचे सगळे कन्नडमध्ये. १९४८ मध्ये निजामाचे राज्य गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि औराद, भालकी, हुमनाबाद, बिदर म्हैसूरमध्ये. ट्रंकेतल्या कागदांची लिपी बदलली, आजोबांची जमीन होती तिथेच राहिली. त्यांना चारही लिप्या निदान सहीपुरत्या वाचता येत. मला त्यातल्या दोन येतात. याला प्रगती म्हणतात.

मुंबई-पुण्याकडची परंपरा वाचकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि राणूजी रावजी आरूंनी तिथे कापलेले खिळे एवढे देखणे निघाले की देवनागरी छपाईला त्यांचे वळण लागले. पुढे बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. र. कृ. जोशींनी आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन केंद्रात शिकवताना अक्षराकडे बघण्याची नजर घडवली, आणि मायक्रोसॉफ्टच्या विंडोजसोबत घराघरांत पोचलेला ‘मंगल’ फाँटही त्यांचाच. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींत अक्षरालाच नट केले. नाटकाचे नाव वाचण्याआधी त्याचा सूर कळायचा. जोशी २००८ मध्ये गेले, शेडगे २०२० मध्ये.

या दोघांपैकी अनुकरण झाले ते शेडग्यांचे. त्यातही त्यांच्या विचाराचे झाले नाही, शेपट्यांचे झाले. आजच्या मराठी सिनेमांची शीर्षके, टीशर्ट, गाडीच्या काचेवरचे स्टिकर पाहा. ऐतिहासिक विषय आला की अक्षराला तलवारीचे टोक, ग्रामीण विषय आला की तडे गेलेली भिंत, आणि ‘अस्मिता’ दाखवायची असली की मोडीचा एखादा फाटा. मोडी वाचता येणारे किती, हा प्रश्न विचारायचा नाही. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ पासून जागा आहे, पण ज्या टीशर्टांवर मोडी दिसते त्यांवर बहुतेक वेळा मोडीचा फक्त वास असतो. आमच्या भागावर काही करायचे असेल तर याच धर्तीवर काळ्या पार्श्वभूमीवर बिदरीची, म्हणजे बिदरच्या जडावाच्या धातूकामाची, चंदेरी वेल चिकटवतात. बिदरीच्या कारागिराला हे बघून काय वाटत असेल कोण जाणे. मला तरी ती वेल म्हणजे परगावच्या पाहुण्याने नेलेली आठवणवस्तू वाटते.

याच्या उलट खरे काम झाले ते फाँटांत, आणि त्याचे कौतुक कमी झाले. गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबईच्या ‘एक टाइप’ या छोट्या गटाने मोफत दिलेले ‘मुक्त’, ‘बलू’, ‘अनेक’ हे फाँट आज मराठी संकेतस्थळांवर आणि लग्नपत्रिकांवर सर्रास दिसतात. पण औरादच्या चष्म्यातून पाहिले की वेगळा हिशेब दिसतो. ‘मुक्त’ देवनागरीसोबत गुजराती, गुरुमुखी आणि तमिळमध्ये आहे, कन्नडमध्ये नाही. २०२२ चा ‘अनेक’ कन्नड घेतो, बारीक-जाड, अरुंद-रुंद अशी हवी तेवढी रूपे देतो, पण उर्दू त्यात नाही. तिन्ही लिप्या एका कुटुंबात बसवणारा ‘बलू’ मात्र आहे. त्याचे कन्नड रूप ‘तम्मा’ या नावाने, उर्दू रूप ‘भाईजान’ या नावाने. फक्त ‘बलू’ गुबगुबीत, हसऱ्या चेहऱ्याचा फाँट आहे. आइसक्रीमच्या दुकानाला शोभेल, मृत्यूच्या दाखल्याला नाही. शिवाय ‘भाईजान’चे वळण नस्ख, म्हणजे आडव्या ओळीत बसणारे, आहे आणि आमच्याकडच्या उर्दू वाचणाऱ्याच्या डोळ्यांना तिरक्या उतरत्या नस्तालीकची सवय आहे. म्हणजे औरादच्या चौकात तहसीलची सूचना कन्नड, मराठी आणि उर्दूत एका घरच्या वाटतील अशा अक्षरांत लावायची म्हटली, तर तिच्याजोगे गंभीर कुटुंब माझ्या पाहण्यात नाही. कर्नाटक, तेलंगण आणि महाराष्ट्राच्या सीमेवर अशा किती सूचना रोज लागतात, याचा विचार केला म्हणजे ही उणीव लहान राहत नाही.

सरकारांनीही अक्षराकडे लक्ष दिले आहे, पण मोजपट्टी घेऊन. महाराष्ट्राने २०२२ मध्ये नियम केला की पाटीवरची मराठी अक्षरे दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसावीत. कर्नाटकाने २०२४ मध्ये पाटीचा ६० टक्के भाग कन्नडला दिला. दोन्ही नियमांमागची भावना मला समजते. पण दोन्हींत अक्षर म्हणजे व्यापलेली जागा. ते लांबून वाचता येते का, उन्हात चमकते का, शिरोरेघ जाड आणि मात्रा सुईसारखी झाली का, हे कुठल्याच निरीक्षकाने तपासायचे नाही.

मी स्वतः या दोषातून सुटलेलो नाही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी शेतकऱ्यांच्या अॅपचे काम केले. आमच्या गटात मी मराठीचा म्हणून माझा आग्रह होता पाकळीच्या ‘ल’चा आणि देठाच्या ‘श’चा. ज्यांना हा वाद ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: मराठीतला ‘ल’ दोन पाकळ्यांचा, हिंदीतला दांडीला लागून वळणारा. ‘श’चेही तसेच दोन चेहरे आहेत. महाराष्ट्र शासनाच्या वर्णमालेत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपे आहेत. चांगल्या फाँटात दोन्ही चेहरे असतात आणि मजकूर मराठी आहे हे आत नोंदवलेले असेल तरच मराठीचा चेहरा दिसतो. दोन बैठका मी या एका अक्षरावर घालवल्या. पुण्याजवळच्या शेतकऱ्यांना पडदे दाखवले, त्यांनी माना डोलावल्या, आम्ही अहवालात ‘स्वीकारार्ह’ असे लिहिले.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा आत्याला ते दाखवले. तिचे चार एकर आहे. शेतात बांधावर उभी राहून तिने फोन हातात घेतला आणि आधी तो छातीशी धरून सावली केली, कारण आम्ही निवडलेला राखाडी रंग आणि बारीक अक्षर उन्हात दिसतच नव्हते. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातला ‘ऱ्या’ तिच्या जुन्या फोनवर फुटला होता. ती ‘शेतकर’ म्हणून थांबली आणि पुढचे जोडून घेतले. हा ‘ऱ्या’ मराठीचा खास. आचार्यांना बोलावले की प्रवचन होते आणि आचाऱ्यांना बोलावले की जेवण, एवढा फरक त्या एका वळणात आहे. पण खरी अडचण पुढे आली. ‘सातबारा क्रमांक भरा’ इथे ती अडली आणि फोन माझ्याकडे दिला.

‘हे आपल्याकडं नसतंय बाबा. आपली पहाणी असती.’

बरोबर होते तिचे. कर्नाटकात जमिनीच्या कागदाला पहाणी म्हणतात. सातबारा हा महाराष्ट्राचा कागद. पुढच्या पडद्यावर ‘ग्रामसेवक’ होता, तोही आमच्याकडे नसतो. पंचायतीत पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, बसतो आणि मराठी बोलतानाही त्याला सगळे पीडीओच म्हणतात. शुद्ध, छान, पाकळ्यांच्या मराठीत आम्ही एका मराठी बाईला दाराबाहेर उभे केले होते. ‘ल’कडे तिने बघितलेसुद्धा नाही.

यावर माझ्या एका मित्राचे म्हणणे असे की सीमेपलीकडची मराठी माणसे थोडी आहेत, त्यांच्यासाठी वेगळे पडदे कुठे करायचे. मला हा युक्तिवाद पटत नाही, आणि तो आकड्यांचा असल्यामुळे अधिकच पटत नाही. औरादच्या वाचकाला जे अडते, ते नंदुरबारच्या, चंदगडच्या, मुंबईतल्या कोकण्याच्या वाचकालाही कुठे ना कुठे अडतेच. औरादला ते एवढे उघड दिसते, एवढाच फरक. कित्ता ज्या गावचा गिरवला त्या गावची मराठी म्हणजे सगळी मराठी, हा समज आपल्या अक्षरकलेत आणि तिच्या लेकरांत, म्हणजे आजच्या डिझाइनमध्ये, मुरलेला आहे.

वापरणाऱ्याकडे जाऊन बसण्याचे चांगले उदाहरण मराठीत नाही असे नाही. आयडीसीतच प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या गटाने केलेले ‘स्वरचक्र’ हे फोनवर टाइप करण्याचे साधन २०१३ मध्ये आले. व्यंजनावर बोट ठेवले की भोवती बाराखडीचे चक्र उघडते. इंग्रजी कळफलकाची सवय नसलेल्या माणसाला जे आधीपासून पाठ आहे, ती बाराखडी, तिच्यावर ते उभे आहे. माणसांना प्रत्यक्ष टाइप करायला लावून ते घडवले गेले आणि कन्नडमध्येही निघाले. औरादच्या डोळ्यांना ही गोष्ट मोठी वाटते. एकाच बोटाच्या सवयीवर दोन्ही लिप्या लिहिता आल्या. आता अनेक जण बोलून लिहितात किंवा मराठी रोमन अक्षरांत लिहून मोकळे होतात, हे खरे आहे. तरी गेल्या काही वर्षांतले मराठी अक्षराचे सर्वांत विचारी काम कोणते असे विचारले तर मी कुठल्याही शीर्षकाचे किंवा फाँटाचे नाव न घेता याचेच घेईन.

‘ल’साठी मी आजही भांडतो. अक्षराचा चेहरा हरवला की भाषेचे काहीतरी जाते, असे मला अजून वाटते. फक्त आता भांडणाचा क्रम बदलला आहे. आधी जाडी आणि रंग, मग ‘ऱ्या’, मग शब्द कुठल्या गावचा, आणि ‘ल’ त्यानंतर. काही सहकाऱ्यांना हा क्रम रुचत नाही. त्यांचे म्हणणे, एकदा चेहरा सोडला की परत मिळत नाही. असेलही. पेंटरमामांनी मात्र पाकळ्या कधी सोडल्या नाहीत आणि त्यांची पाटी रस्त्यापलीकडूनही वाचता यायची.

त्या अॅपमध्ये आता राज्य कर्नाटक निवडले की ‘पहाणी’ असे येते. ‘ग्रामसेवक’ अजून बदललेला नाही. आणि आत्याचा फोन बिदरच्या दुकानदाराने घेतानाच हिंदीत लावून दिल्यामुळे तिला ‘ल’ हिंदीचाच दिसतो.