कोवळ्या मरणाचा पोवाडा

मराठी पोवाडा मरणाच्या कुशीतच जन्मला. अज्ञानदासाने अफजलखानाचा वध गायिला, तुळशीदासाने सिंहगडावर पडलेला तानाजी गायिला. तेव्हापासून डफाला मरण नवे राहिले नाही. तरीही कुणाचे मरण गायिले गेले आणि कुणाचे नाही, हे पाहू लागले की मन अस्वस्थ होते. ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणरावाला गारद्यांनी कापले. १७९५ मध्ये एकविसाव्या वर्षी सवाई माधवराव गेला. दोघांवरही शाहिरांनी कवने रचली. पानिपतावर पोवाडे झाले. पण त्याच रणात पेशव्यांचा कोवळा मुलगा विश्वासराव याच्या वयाचे जे हजारो साधे शिलेदार-बारगीर पडले, त्यांच्या वाट्याला ‘लाख बांगडी फुटली’ एवढाच घाऊक हिशेब आला. तरुण मुलगा राज्याच्या कामी आला किंवा राज्याचा वारस असला, तरच शाहीर त्याच्यासाठी उभा राहिला. गावकुसातला कोवळा मुलगा गेला, तर त्याचे गाणे शाहिराच्या फडात पोचले नाही.

खानदेशात ही उणीव अधिक जाणवते. धरणगावचेच पाहा. सतराव्या शतकात इथे इंग्रजांची वखार होती, कापडाचा मोठा व्यापार होता, आणि १६७५ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने हे गाव लुटले. हा सगळा मुलूख मोगलांचा खानदेश सुभा होता, बऱ्हाणपूरच्या सत्तेखालचा. मराठ्यांचा अंमल इथे बसायला अठराव्या शतकाचा मध्य उजाडला. पोवाड्याला बिदागी देणारा दरबार पुण्याला, सातारला, इंदूरला. इथे मात्र पाटील, देशमुख आणि सावकार. पुढे १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभी केली, ती याच धरणगावात. सातपुड्यातली भिल्ल पोरे एका बाजूला सरकारी बंदूक घेऊन आणि दुसऱ्या बाजूला बंड केलेल्या काजरसिंग नाईकासोबत, अशी समोरासमोर आली. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला त्यांचे रक्त सांडले. एवढा विषय ज्या भागापाशी आहे, त्या भागाच्या अहिराणी बोलीतला पोवाडा जुन्या छापील संग्रहांच्या मुख्य प्रवाहात नाही. तिथे भाषा आहे ती देशावरची, दरबाराला कळणारी.

म्हणून खानदेशात तरुणाचे मरण विसरले गेले असे नाही. ते गाण्याऐवजी विधीत गेले. धूलिवंदनाला खानदेशात आणि नाशकाकडे वीर नाचवतात. घराण्यातला जो कुणी अकाली गेला, लढाईत पडला, त्याचा टाक देवघरातून बाहेर निघतो, वाजंत्री लागतात, घरातला एक जण त्याला घेऊन नाचतो. नाशिकच्या दाजीबा वीराची कथा तर थेट या विषयाच्या गाभ्यातली आहे. लग्न ठरलेला, अंगाला हळद लागलेला तरुण मारला गेला, बाशिंग बांधायची इच्छा राहून गेली. म्हणून आजही दरवर्षी बाशिंग बांधूनच त्याची मिरवणूक निघते. राजस्थानातला पाबूजीही लग्नाच्या फेऱ्यांतून उठून गाईंसाठी गेला आणि पडला. त्याची गाथा भोपा रंगवलेल्या पडासमोर रात्र रात्र गातो. दोन्हीकडे दुःख एकच, अर्धवट राहिलेल्या लग्नाचे. तिकडे त्याचे महाकाव्य झाले, आपल्याकडे मिरवणूक झाली. मिरवणुकीत नाव टिकते, पण तो मुलगा कसा होता, काय बोलायचा, हे वाजंत्रीत हरवते.

ते तपशील सांभाळले बायकांनी. मयताच्या घरी हेल काढून रडणारी बाई मेलेल्याचे गुण, त्याच्या सवयी, न झालेले लग्न, न नेसलेले धोतर असे एकेक आठवून त्याची गोष्टच सांगत असते. मरणगीताचे खरे मूळ मी तिथे मानतो; शाहिराच्या कवनात तो हेल पुरुषी आवाजात, वीररसात मिसळून आला. मिसळताना त्यातली आई मागे पडली. तानाजीच्या पोवाड्यात रायबाच्या लग्नाचा प्रसंग आहे म्हणूनच तो काळजाला भिडतो. पुढच्या कित्येक पोवाड्यांत असा घरातला धागा सापडतच नाही, नुसता तलवारींचा खणखणाट.

शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी ॲकवर्थ यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला, पुढे यशवंत नरसिंह केळकरांनी हे काम नेटाने नेले. त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्यांना इतिहास हवा होता, आणि इतिहास म्हणजे ‘इतिहासप्रसिद्ध’ माणसे. त्याच सुमारास फ्रान्सिस चाइल्डने इंग्लंड-स्कॉटलंडची ३०५ कथागीते गोळा केली. त्यांत सरदारांच्या बरोबरीने दर्यात बुडालेले, प्रेमात मारले गेलेले, कुणीच नसलेले तरुणही आहेत. आपल्या संकलकांची चाळणी वेगळी होती आणि तिच्यातून खानदेशचे खेडे गळून गेले.

विसाव्या शतकाने हा दंडक मोडला. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकखाली बाबू गेनू चिरडला गेला. गिरणीत राबणारा बाविशीतला पोरगा पोवाड्याचा नायक झाला, ही या कलेतली क्रांतीच होती. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती गोळीबारात पडले, शिरीषचे वय पंधरा. मग लाल बावटा कलापथक आले. अण्णा भाऊ साठ्यांनी ‘अमळनेरचे अमर हुतात्मे’ रचले आणि धरणगावच्या शेजारच्या तालुक्यातले गिरणी कामगार पोवाड्यात शिरले. माझ्या मते खानदेशी तरुणाच्या मरणाला शाहिरीने दिलेला हा सर्वांत मोठा मान आहे. तो देणारा वाटेगावचा, सांगलीकडचा. खानदेशची बोली तिथेही नव्हती, पण खानदेशचे दुःख होते.

आज काय आहे? शिवजयंतीला, स्नेहसंमेलनात, स्पर्धेत पोवाडा जोरात आहे. फेटे, तुतारी, कडक आवाज. गाणारी मुले तयारीची असतात, त्यांच्या मेहनतीला नावे ठेवणे अन्याय होईल. पण विषय तेच चार: अफजलखान, पन्हाळा, सिंहगड, आग्रा. सीमेवरून तिरंग्यात गुंडाळून आलेला जवान, कर्जापायी फास घेतलेला शेतकऱ्याचा मुलगा, महामार्गावर दुचाकीसह चिरडलेला कॉलेजकुमार यांच्यासाठी चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फलक लागतो, मोबाइलवर फोटोला तयार सुरावट जोडली जाते. अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर प्रचंड श्रोता मिळाला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र तो बाजार लग्नाच्या वरातीवर उभा आहे. शोक करायला ही बोली कमी पडते असे कुणी म्हणेल, तर त्याने लेवा बोलीत बहिणाबाई चौधरींनी आपल्या वैधव्याबद्दल काय म्हटले ते वाचावे. शेजारची बोली हे करू शकते, तर अहिराणीही करू शकते.

डफ वाजवणारे खानदेशात आहेत, वहीगायनाची मंडळे आहेत, दीर्घ कथा गाण्यात सांगण्याची सवय त्यांच्या गळ्यात आहे. उणीव आहे ती शब्दांची, आणि ते शब्द साठी ओलांडलेल्या बायकांपाशी आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी जात्यावरच्या ओव्या गावोगाव फिरून लाखाच्या घरात जमवल्या. हेलांसाठी असे काम धरणगाव, एरंडोल, पारोळ्याच्या पट्ट्यात करायचे, तर मयताच्या दारात यंत्र घेऊन जाता येणार नाही. वर्ष सरल्यावर, ओळखीच्या बाईमाणसाने जाऊन, तिची इच्छा असेल तर आठवण विचारावी लागेल. तिने नको म्हटले तर उठून यावे लागेल. वहीच्या मंडळांतल्या तरुणांनी आपल्या आजीपासून सुरुवात केली, तर परवानगीचा प्रश्न अर्धा सुटतो.